इमारतीआधी तिच्यासमोरची जागा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या शहराच्या महानगरपालिकेने ‘शहराची ओळख’ ठरेल अशी एक भव्य वास्तू, पाचशे आसनांचे भवन, उभारण्याचे मनावर घेतले आहे, त्याच्या सादरीकरणात सिडनीचे ऑपेरा हाऊस आणि बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय यांची छायाचित्रे दाखवली गेली आहेत, आणि आधुनिक शहराला अशा वास्तूची खरोखर गरज असते की हा हौसेचा खर्च आहे, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. वास्तुरचना आणि नगररचना या दोन्ही क्षेत्रांत तीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की शहराला अशी वास्तू लाभली तर उत्तमच, पण तिच्यावाचून शहराचे अडत नाही. ज्या थोड्या ठिकाणी ती ठरवून बांधली आणि यशस्वी झाली, तिथे यशाचे श्रेय इमारतीच्या आकाराला कमी आणि तिच्या भोवतीच्या जमिनीचे काय केले गेले याला अधिक जाते. आपल्याकडच्या चर्चेत नेमकी ही जमीनच गाळली जाते, म्हणून मी मुख्यतः तिच्याविषयी लिहिणार आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवायला हवा. ‘लँडमार्क’ आणि ‘आयकॉन’ हे दोन शब्द सल्लागारांच्या सादरीकरणांत एकाच अर्थाने फिरत असतात. प्रत्यक्षात पहिल्याचा अर्थ आहे खूण आणि दुसऱ्याचा प्रतीक. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या रहिवाशांशी बोलून १९६० मध्ये असे मांडले होते की माणसाच्या मनातले शहर पाच गोष्टींनी बनते: वाटा, कडा, विभाग, लोक एकत्र येतात ते चौक किंवा नाकी, आणि खुणा. म्हणजे खूण ही पाचांतली एक. आणि ती भव्य असली पाहिजे असे त्याने कुठेही म्हटलेले नाही, आजूबाजूच्या गोष्टींपासून ती वेगळी उठून दिसली की पुरे. या अर्थाने आपल्या शहरांत खुणांची मुळीच वाण नाही. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तरी ‘दादर टीटी’ हा पत्ता आजही चालतो, आणि त्यातले ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस हे तिथे उतरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये फोर्ट भागातून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्या जागी घोडा नव्हता, पण जागा ‘काळा घोडा’च राहिली, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा बसवला तेव्हा तो स्वाराविना बसवला. खूण ही अशी लोकांच्या तोंडी रुळून पक्की होते. कोणत्याही सभेत ठराव करून ती मंजूर करता येत नाही, आणि रद्दही करता येत नाही.

प्रतीकाचे गणित वेगळे आहे. प्रतीक म्हणजे ज्याचे रेषाचित्र काढले तरी शहराचे नाव ओठांवर यावे अशी वास्तू. मुंबईपुरते बोलायचे तर अशा दोन वास्तू सर्वमान्य आहेत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि गेटवे ऑफ इंडिया. आणि त्या दोन्हींची जन्मकथा ऐकली तर महानगरपालिकेच्या सादरीकरणातली बरीच हवा निघून जाते.

टर्मिनसची इमारत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने बांधली. काम १८७८ मध्ये सुरू झाले, ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली आणि खर्च सोळा लाखांच्या वर गेला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे वास्तुविशारद होते, त्यांच्या हाताखाली रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते, आणि दगडातले मोर, माकडे, पानेफुले घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मिरवण्याची हौस त्या कंपनीला नव्हती असे मुळीच नाही. घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली ‘प्रगती’ची मूर्ती बसवणाऱ्या माणसांना विनयशील म्हणता येणार नाही. पण ही सगळी हौस एका गरजेवर चढवलेली होती. कंपनीला मुख्य कार्यालय हवे होते, शहराला स्थानक हवे होते, आणि ती दोन्ही कामे ही इमारत आजही करते. २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्या दिवशीही सकाळी लोकल पकडायला लोक तिच्या कमानींखालून धावतच होते. मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो तेव्हा घुमटाकडे बघण्याआधी तिकीटघराच्या खांबांकडे बघायला सांगतो. माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत तो दगड हातांनी आणि पाठींनी गुळगुळीत झाला आहे. त्याच्या वर तो खरखरीत आहे. ती गुळगुळीत रेषा कोणत्याही वास्तुविशारदाला नकाशावर काढता येत नाही.

गेटवेची गोष्ट याच्या उलट आहे. पाचवा जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा त्याला दाखवायला तिथे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाभरणी मार्च १९१३ मध्ये झाली, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा नंतर मंजूर झाला, समुद्रात भराव घालण्यात काही वर्षे गेली, आणि उद्घाटनाला ४ डिसेंबर १९२४ हा दिवस उजाडला. ज्याच्या स्वागतासाठी कमान, तो येऊन गेल्याला तोवर तेरा वर्षे झाली होती. ज्याला आज आपण ‘आयकॉनिक’ म्हणतो तशी, केवळ दिसण्यासाठी बांधलेली ही वास्तू आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यापर्यंत येणारा सरळ रस्ता पैशाअभावी कधी झालाच नाही. त्यामुळे आजही रीगल सिनेमाकडून चालत आलात तर गेटवे समोरासमोर येत नाही; तो रस्त्याशी तिरका उभा दिसतो. शंभर वर्षांत कोट्यवधी लोकांनी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढले, आणि बहुतेकांना हा तिरकेपणा जाणवलाही नसेल, कारण समोर ऐसपैस मोकळी जागा आहे आणि मागे समुद्र आहे. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या बोटी तिथूनच सुटतात, म्हणून तिथे जाण्याला रोजचे कारणही आहे. अर्थाच्या बाबतीत तर ही कमान बांधणाऱ्यांच्या हातातून पूर्णच निसटली: साम्राज्याच्या स्वागतासाठी उभारलेल्या या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी बाहेर पडली, आणि १९६१ पासून तिच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. वास्तूचा अर्थ काय व्हावा हे निविदेत लिहिता येत नाही. तो बदलत जाईल इतकी जागा तिच्यासमोर ठेवणे मात्र आपल्या हातात असते.

जागेचा मुद्दा राजाबाई टॉवरवरून अधिक स्वच्छ कळतो. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या दोन लाख रुपयांतून, त्यांच्या आईच्या नावाने, १८७८ मध्ये हा मनोरा पूर्ण झाला. त्याची उंची ८५ मीटर आहे. आज मुंबईत याहून उंच निवासी इमारती इतक्या आहेत की मोजण्याचे कोणी कष्ट घेत नाही, आणि त्यांतल्या बहुतेकींचे नाव शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही सांगता येणार नाही. लोअर परळमधला वर्ल्ड वन हा तर २८० मीटरचा आहे, पण मुंबई म्हटल्यावर तो कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. राजाबाई टॉवर येतो, कारण त्याच्यासमोर ओव्हल मैदान आहे. ते मैदान कोणी विकले असते तर मनोरा तसाच राहिला असता आणि दिसेनासा झाला असता. २०१८ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली तीही एखाद्या सुट्या इमारतीला दिली नाही. मैदानाच्या एका कडेला एकोणिसाव्या शतकातल्या टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या कडेला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारती, अशा संपूर्ण समूहाला दिली. आर्ट डेको रांगेतल्या घरांपैकी एकही वेगळी काढून ‘आयकॉन’ म्हणता येणार नाही. सारखी उंची, गोलसर सज्जे, रस्त्याशी एकच रेषा राखण्याची शिस्त: त्या शिस्तीतून ती रांग झाली आहे.

आता आपल्या महानगरपालिकेने दिलेल्या दोन दाखल्यांकडे येतो. सिडनीविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तो दाखला देणाऱ्याने हिशेब पाहिलेला नसतो. योर्न उट्झोन या डॅनिश वास्तुविशारदाची निवड १९५७ मध्ये झाली तेव्हा छपराचे ते कवच उभे कसे राहणार याची आकडेमोड झालेली नव्हती. काम १९५९ मध्ये सुरू झाले, छपराची भूमिती १९६१ मध्ये सुटली, १९६६ मध्ये सरकारशी बिनसून उट्झोन यांनी काम सोडले आणि ते पुन्हा कधीही ती इमारत पाहायला गेले नाहीत. सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज शेवटी दहा कोटी वीस लाखांवर गेला, उद्घाटन १९७३ मध्ये झाले, आणि पैसा मुख्यतः राज्याच्या लॉटरीतून आला. मुख्य संगीत सभागृहातल्या ध्वनीविषयीच्या तक्रारी तर जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणाने मिटवल्या गेल्या. इमारत अद्वितीय आहे, यात वाद नाही. पण चौदापट खर्च आणि दहा वर्षांचा उशीर सोसण्याची ऐपत ज्या शहराच्या अंदाजपत्रकात आहे, त्यानेच हा दाखला द्यावा. पाणीपट्टीची थकबाकी वसूल करण्यासाठी अभय योजना काढणाऱ्या महानगरपालिकेने देऊ नये.

बिल्बाओचा दाखला मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो सर्वांत जास्त दिला जातो आणि सर्वांत कमी समजून घेतला जातो. लोकप्रिय कथा अशी: स्पेनच्या बास्क प्रांतातले एक मरगळलेले पोलाद-जहाजांचे शहर होते, वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी तिथे नेर्वियोन नदीच्या काठी टायटॅनियमच्या पत्र्यांची एक वळणावळणाची इमारत बांधली, ऑक्टोबर १९९७ मध्ये ती उघडली, जगभरातून लोक आले आणि शहर उठून उभे राहिले. यातला प्रत्येक तुकडा खरा आहे, तरी कथा खोटी आहे. कारण तिच्यात आधीची पंधरा वर्षे नाहीत. १९८३ च्या पुराने शहराचा जुना भाग उद्ध्वस्त केला होता. नदी म्हणजे कारखान्यांचे आणि घरांचे उघडे गटार होते, आणि ती स्वच्छ करण्यासाठी मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे बांधण्याचे काम संग्रहालयाची कल्पना निघण्याच्या बरेच आधी सुरू झाले. त्यावर झालेला खर्च संग्रहालयाच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे. बंदर शहराच्या मध्यातून उचलून समुद्राच्या मुखाकडे नेले. नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेली मेट्रो १९९५ मध्ये धावू लागली. तिच्या प्रवेशद्वारांवरच्या काचेच्या नळ्यांना तिथले लोक लाडाने ‘फॉस्टेरितो’ म्हणतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९९२ मध्ये ‘बिल्बाओ रिया २०००’ नावाची एक सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. बंदर, रेल्वे आणि इतर सरकारी संस्था यांच्या मालकीच्या, नदीकाठी पडून राहिलेल्या जमिनी तिच्याकडे आल्या. कंपनीने त्या एकत्रितपणे आखल्या, काही भूखंड विकले, आणि विक्रीतून आलेला पैसा रूळ हलवण्यात, उद्याने करण्यात आणि नदीकाठचा रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात घातला. संग्रहालय या साऱ्या कामावरचे टोपण आहे. टोपण सुंदर आहे म्हणून भांडे विसरायचे, असे व्हायला नको.

पैशाचा करारही पाहण्यासारखा आहे. बास्क सरकारने इमारतीसाठी दहा कोटी डॉलर, कलाकृतींच्या खरेदीसाठी पाच कोटी डॉलरचा निधी, गुगेनहाइम प्रतिष्ठानला एकरकमी दोन कोटी डॉलर, आणि शिवाय दरवर्षीच्या सव्वा कोटीच्या आसपासच्या खर्चाला अनुदान एवढे कबूल केले होते. इमारत ठरलेल्या रकमेच्या आत बसली. म्हणजे ‘बांधून झाल्यावर आत काय दाखवायचे आणि ते कोण चालवणार’ या प्रश्नाचे उत्तर कुदळ मारण्याआधी लिहून झालेले होते. स्पेनमध्येच, सांतियागो दे कोंपोस्तेला या गावी, पीटर आयझेनमन यांच्या आराखड्यावर गॅलिसियाच्या सरकारने डोंगरावर एक भलेमोठे संस्कृतिनगर बांधायला घेतले. खर्च अंदाजाच्या दुपटीहून पुढे गेला आणि राहिलेले काम २०१३ मध्ये अधिकृतपणे सोडून देण्यात आले. नाव मोठे, वास्तुविशारद मोठा, देशही तोच. फरक जमिनीचा आणि वापराचा होता: एक इमारत नदीकाठच्या मधोमध, मेट्रोपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसरी गावाबाहेरच्या टेकडीवर.

बिल्बाओविषयी एवढे लिहिण्याचे कारण असे की मुंबईलाही तिचा नदीकाठ मिळाला होता, आणि तो कसा गेला हे मराठी माणसाला परक्या शहराच्या गोष्टीपेक्षा अधिक कळेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि शहराच्या अगदी मध्यात सुमारे सहाशे एकर जमीन पुनर्विचारासाठी मोकळी झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने तिच्यासाठी एक सोपे सूत्र दिले होते: गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा तर एक तृतीयांश महानगरपालिकेला मैदाने आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्यासाठी राज्य शासनाने १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांनी तुकड्यातुकड्यांनी नव्हे तर सलग आखणी करावी, मोकळ्या जागा एकमेकींना जोडाव्यात, स्थानकांभोवती गर्दीला श्वास घेता येईल अशी जागा सोडावी, असे सुचवले. थोडक्यात, बिल्बाओच्या कंपनीने जे केले तेच काम, आणि तेही संग्रहालय उघडण्याच्या एक वर्ष आधी. त्यानंतर २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले. गिरणीत रिकामी जमीन ती किती असणार? शेड, गोदामे, चाळी यांनीच तर ती व्यापलेली होती. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. मैदाने आणि घरे यांच्या वाट्याला तुकडे आले.

आज लोअर परळला उभे राहून वर पाहिले तर काचेचे मनोरे दिसतात. बिल्बाओला हेवा वाटावा इतके उंच आहेत. खाली पाहिले तर २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवते. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, कार्यालयांत माणसे आली, आणि त्या माणसांना उतरायला पूल जुनाच राहिला. ‘आयकॉन’ची चर्चा निघाली की मी हा पूल सांगतो, आणि समोरच्याला तो विषयांतर वाटतो. मला तो विषयाचा गाभा वाटतो, कारण त्याच जमिनीवर प्रतीकेही उभी राहू शकली असती आणि पूलही. मनोऱ्यांना परवानगी मिळाली, पुलाचा विचार मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत बसला नाही.

वांद्रे-वरळी सागरी सेतूचे काय, असे आपण विचाराल. जून २००९ मध्ये तो खुला झाला आणि काही वर्षांतच मुंबईच्या प्रतिमेत गेटवेच्या बरोबरीने जाऊन बसला, हे मी नाकारत नाही. केबलांचे ते त्रिकोण वांद्र्याच्या किल्ल्यावरून संध्याकाळी पाहावेत. पण त्या सेतूवर चालता येत नाही, सायकल नेता येत नाही, दुचाकी किंवा रिक्षाही नेता येत नाही. जे बहुसंख्य मुंबईकर चारचाकीने प्रवास करत नाहीत, त्यांच्यासाठी तो दुरून पाहण्याचा देखावा आहे. कोलकात्याच्या हावडा पुलाशी तुलना करा. १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, कसलाही समारंभ न करता तो खुला झाला. डोक्यावर फुलांच्या टोपल्या घेतलेले हमाल रोज त्यावरून चालत जातात, खाली घाटाशी फुलांचा बाजार भरतो. दोन्ही पूल अभियांत्रिकी म्हणून थोर आहेत, पण शहराचे झाले आहे ते एकाचेच.

आता आपल्याकडे असे प्रकल्प प्रत्यक्षात कसे होतात, ते सांगतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी बांधलेल्या सांस्कृतिक भवनाची गळती तपासायला मला बोलावले होते. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी भवने अनेक आहेत. छप्पर शिडाच्या आकाराचे, धातूच्या पत्र्याचे, उद्घाटनाला तीन वर्षे झालेली. दोन शिडे जिथे मिळतात तिथे खोल पन्हाळ होती, तिच्यात पारव्यांची घरटी आणि पिंपळाची रोपे. आणि ती साफ करायला वर चढायचे कुठून, तर आराखड्यात शिडीच नव्हती. कनिष्ठ अभियंत्याने मला फायर ब्रिगेडची शिडी मागवून वर चढवले. आत रंगमंचाच्या उजव्या विंगेत चार बादल्या ओळीने मांडलेल्या होत्या. वातानुकूलन यंत्रणा विजेचे बिल परवडत नाही म्हणून बंद होती, आणि मूळ रचनेत वारा खेळवणाऱ्या खिडक्या नसल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत तिथे कार्यक्रमच होत नव्हते. मी जुनी कागदपत्रे मागितली. सविस्तर प्रकल्प अहवाल दोनशे पानांच्या वर होता, त्यात रात्रीच्या रोषणाईची रंगीत चित्रे होती, वाहनतळाचे कोष्टक होते. देखभालीवर दीड पान होते आणि त्यातले एक वाक्य असे होते की ‘देखभाल सक्षम यंत्रणेमार्फत करण्यात येईल’. सल्लागाराची निवड सर्वांत कमी दराच्या निविदेवर झालेली होती, त्यामुळे त्याला दोष देण्यातही अर्थ नव्हता; जेवढ्या पैशात जेवढे काम होते तेवढे त्याने केले होते. समोरचे पटांगण मूळ आराखड्यात बागेसाठी होते. त्यावर पुढे व्यापारी गाळे झाले, त्यामुळे ते शिड रस्त्यावरून आता अर्धेच दिसते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यायचे तर: प्रतीकवास्तू बांधू नका असे मी म्हणत नाही. जी गोष्ट शहराला तशीही बांधावी लागणार आहे तीच इतकी नीट बांधा, की पन्नास वर्षांनी लोकांना ती मोडू द्यावीशी वाटणार नाही. पुण्याची मंडई १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली तेव्हा ती भाजीचा बाजार म्हणूनच बांधलेली होती, आणि आज तिला महात्मा फुल्यांचे नाव असले तरी आतले काम तेच आहे. अष्टकोनी मनोऱ्याखाली आजही भाजीची घासाघीस चालते. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, तेही बाजारच. त्या काळच्या नगरपालिकांनी ‘ओळख’ या शीर्षकाखाली तरतूद केलेली नव्हती. बाजार, पाणी, रुग्णालय या शीर्षकांखालचे काम त्यांनी हात राखून केले नाही, एवढेच.

आपल्या शहरात पाचशे आसनांच्या नव्या भवनापेक्षा एसटी स्थानकाची अवस्था अधिक निकडीची असेल, असा माझा अंदाज आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ती तशीच आहे. रोज हजारो माणसे जिथे उन्हापावसात उभी राहतात, ज्याच्या भोवती जमीन बहुधा सरकारी मालकीचीच असते, आणि जिथून शहराची पहिली ओळख होते, अशी दुसरी जागा सापडणे कठीण. एक चांगले छप्पर, खाली भरपूर सावली, स्वच्छ स्वच्छतागृहे, समोर रिक्षांना वेगळी मार्गिका आणि एका बाजूला झाडांखाली बसण्याची जागा एवढे जर तिथे नीट झाले, आणि त्या समोरच्या जागेवर पुढची पन्नास वर्षे गाळे बांधता येणार नाहीत अशी नोंद विकास आराखड्यात आरक्षण म्हणून झाली, तर रोषणाईच्या चित्रांची गरज पडणार नाही.

महानगरपालिका तरीही भवनावरच ठाम असेल, तर स्थायी समितीपुढे विषय जाण्याआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकामार्फत किंवा हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी तीन गोष्टी मागा. पहिली, इमारत पूर्ण झाल्यापासून पुढच्या पंधरा वर्षांच्या देखभालीचा आणि विजेचा वर्षवार अंदाज, आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून भागणार याचा उल्लेख. दुसरी, भूखंडाच्या चारही बाजूंच्या जमिनींची मालकी आणि आरक्षणे दाखवणारा नकाशा. चित्रात जे हिरवे दिसते ते सातबाऱ्यावर कोणाचे आहे हे त्यातून कळेल. तिसरी, खुली वास्तुरचना स्पर्धा, ज्यात निवड दरावर नव्हे तर आराखड्यावर होईल आणि परीक्षकांची नावे आधी जाहीर होतील. आणि जमल्यास मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या मोकळ्या भूखंडावर नगर अभियंत्यांना घेऊन जा. बसथांब्यापासून चालतच न्या. वाटेत सावली किती पावलांवर संपते, ते त्यांच्याच हाताने लिहून घ्या.